लाटांची सहल आणि परतल्यावरचा ताप

मार्च उजाडला की सर्फिंगचा नाद असलेल्यांच्या नजरा अंदमानकडे वळतात. लिटल अंदमानच्या बटलर बे किनाऱ्यावर मार्च ते मे या काळात लाटा चांगल्या फुटतात आणि मागे सदाहरित जंगल थेट वाळूपर्यंत येते. गोरेगावातून निघायचे तर विमानाने श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, आणि तिथून काही तासांचा जहाजप्रवास करून हट बे. फळी, तिकिटे, लाटांचा अंदाज यांची तयारी चोख होते. औषधांची आठवण मात्र आदल्या रात्री येते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

मुख्य प्रश्न मलेरियाचा. मुंबईकराला तो नवा नाही, पण आपल्याकडचा ॲनोफिलिस स्टीफेन्साय टाक्या-पिंपांतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंदमान-निकोबारचा ॲनोफिलिस संडाइकस खाडीकाठच्या मचूळ डबक्यांत. मलेरियाचे डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतात आणि सर्फिंग करणाऱ्यांना आवडणारी वेळही नेमकी तीच. अंगाला लावलेले डासांचे मलम समुद्रात धुऊन जाते. म्हणून पाण्यातून बाहेर येताच अंग पुसून ते पुन्हा लावायचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे आणि मच्छरदाणीत झोपायचे. सनस्क्रीन आधी, मलम नंतर.

सहा आठवड्यांपेक्षा कमी मुक्काम असेल तर डॉक्टर प्रतिबंधासाठी बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात. ते निघण्याच्या दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यावे लागते. गर्भवती स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत. सर्फिंग करणाऱ्यासाठी त्यात आणखी एक मेख आहे: या गोळीमुळे त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. दिवसाचे चार तास पाण्यात काढणाऱ्याची पाठ भाजून निघू शकते. त्यामुळे ‘मी सर्फिंगला चाललोय’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. दुसरे औषध निवडता येते. गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते.

प्रवाळाचे ओरखडे किरकोळ वाटतात, पण त्यांत प्रवाळाचे बारीक कण अडकून राहतात. पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने जखम घासून धुवा, कण चिमट्याने काढा, ती पूर्ण भरेपर्यंत समुद्रात उतरू नका. लाली झपाट्याने पसरली, वेदना वाढली किंवा ताप आला तर थांबू नका. हट बेला सरकारी आरोग्य केंद्र आहे. मोठे उपचार श्री विजयपुरमच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयात, आणि मध्ये समुद्र. हवा बिघडली तर जहाज सुटत नाही. म्हणून धनुर्वाताची लस निघण्यापूर्वी तपासून घ्यावी. खाऱ्या पाण्यातल्या मगरींमुळे खाडीच्या मुखाशी उतरू नये, काळोखात तर नाहीच.

याच बेटावर ओंगे जमातीचे राखीव क्षेत्र आहे. जेमतेम शंभर-सव्वाशेची ही जमात. तिथे जायला कायद्याने मनाई आहे, आणि आपल्या साध्या खोकल्यापासूनही त्यांना धोका असतो. निघताना ताप-सर्दी असेल तर तिकीट पुढे ढकलावे.

मे महिन्यात परतलात की लगेच पावसाळा येतो. जूनमधल्या तापाला गोरेगावात डेंग्यू किंवा लेप्टो समजले जाणे अगदी स्वाभाविक आहे. फाल्सिपेरम मलेरिया सहसा महिन्याभरात दिसतो आणि उशीर झाला तर जीवघेणा ठरतो. व्हायव्हॅक्सचे परजीवी यकृतात दडून काही महिन्यांनीही उठतात. डॉक्सिसायक्लिन त्या दडलेल्यांना मारत नाही. तेव्हा ताप येताच त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांनी विचारण्याआधीच अंदमानचे नाव घ्या. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर पुन्हा करा. तोवर पॅरासिटामॉल चालेल. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको, कारण तो डेंग्यूही असू शकतो.