पुढच्या एक्सलचा आवाज येतोय? गाडी चालवायची की नाही?



परवा पहाटे मालीम जेटीवर आपला एक सभासद छोट्या कारच्या मागच्या सीटा पाडून मासळीचे क्रेट भरून डिचोली बाजाराला निघाला होता. वहिनी शेजारी बसलेल्या. गाडी वळवताना पुढच्या चाकाकडून टक-टक-टक आवाज. "एवढी खेप मारून येतो, मग गॅरेजला दाखवतो," म्हणाला. आम्ही थांबवलं, क्रेट दुसऱ्याच्या टेम्पोत चढवले. ही 'एवढी खेप' आपण सगळेच मारतो, म्हणून हे लिहितोय.

बहुतेक छोट्या कारमध्ये इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते. दोन्ही बाजूंना एकेक शाफ्ट आणि त्याच्या दोन्ही टोकांना जॉइंट. जॉइंटवर रबरी बूट, आत ग्रीस. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं, आत रेती आणि खारं पाणी शिरतं. क्रेटमधून गळणारं बर्फाचं पाणीही खारटच. मग जॉइंट झिजतो आणि वळणावर टकटक सुरू होते.

जॉइंट तुटला तर काय? बोटीचा शाफ्ट तुटल्यावर इंजिन फिरतं पण पंखा फिरत नाही, तसंच. इंजिन गुरगुरतं, गाडी जागची हलत नाही, मग ती हायवेवर असो की घाटात. सुटलेला शाफ्ट आपटून ब्रेकचा पाइप फोडू शकतो. आणि चढावर नुसती गिअरमध्ये उभी केलेली गाडी मागे घरंगळते. म्हणून हँडब्रेक लावा, चाकाला दगड लावा.

टेम्पो-पिकअपवाल्यांनी जास्त सावध राहावं. यातल्या बहुतेक गाड्यांना ताकद मागच्या चाकांना जाते. पुढचा भाग वजन पेलतो आणि वळवतो. तिथलं बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट गेला तर स्टेअरिंगच हातातून जातं, चाक निखळू शकतं.

लक्षणं ओळखा:
• पूर्ण वळवून रेस दिल्यावर टकटक: बाहेरचा जॉइंट.
• रेस देताना गाडी थरथरते: बहुधा आतला जॉइंट.
• वेगाबरोबर वाढणारी घरघर: चाकाचं बेअरिंग.
• रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे: बूट फाटलाय.
• जॅकवर चाक उचलून वर-खाली धरून हलवलं आणि ढिलं लागलं: बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. (जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका.)

मग चालवायची का? नुसता बूट फाटला असेल तर लगेच बदला, नवीन ग्रीस भरा, स्वस्तात सुटाल. टकटक सुरू झाली असेल तर गाडी रिकामी करून, हळू, पूर्ण न वळवता जवळच्या गॅरेजपर्यंतच न्या. घाट नको, मुलंबाळं नकोत. चाक ढिलं किंवा मोठी घरघर असेल तर अजिबात नाही, उचलूनच न्या. कारची पुढची चाकं वर घेऊन ओढायला सांगा.

रोज जेटीवरून आल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा. १ जून ते ३१ जुलै बंदीत बोटीची डागडुजी करतो, तेव्हा गाडीही एकदा जॅकवर घ्या. पण आवाज आज येत असेल तर बंदीची वाट बघू नका.

शाफ्ट वाजत असताना आपण बोट समुद्रात काढत नाही. गाडीतही आपलीच माणसं बसतात.