माळ्यावरचा संसार

बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला मुलूख. पाऊस थोडा, ऊन कडक. म्हणून आपल्या वाडवडिलांनी घरांवर जाड मातीचे माळवद घातले. दुपारचे ऊन त्यातून खाली झिरपेपर्यंत सांज होई. आता पुष्कळ ठिकाणी माळवद जाऊन पत्रा आला आणि जागेच्या टंचाईपायी अडगळीच्या माळ्यावर आपण अंथरुणे नेली. पत्रा तापायला घटकाही लागत नाही. तापलेली हवा वर चढते, तसाच धूरही. तेव्हा आम्ही इतकेच सुचवितो : पत्र्याखाली समोरासमोर झरोके ठेवावेत, पत्र्याला वरून पांढरा रंग द्यावा, तुळयांचा कस सुताराकडून पाहून घ्यावा, जिन्याला कठडा असावा. आणि खाली आग लागली, तर वर निजलेल्या लेकरांना उतरायला दुसरी वाट कोणती, हे अंथरूण घालण्यापूर्वीच ठरवावे.