क्रिकेटविषयक मराठी साहित्य

क्रिकेट या खेळासंबंधी मराठी भाषेत झालेल्या लेखनास क्रिकेटविषयक मराठी साहित्य असे म्हणतात. यात खेळाडूंची आत्मचरित्रे व चरित्रे, सामन्यांची वर्णने, वृत्तपत्रीय लेख, विनोदी व ललित लेखन, कथा, तसेच खेळाची मराठी परिभाषा यांचा समावेश होतो. अमेरिकेत बेसबॉलभोवती जसे स्वतंत्र वाङ्मय निर्माण झाले, तसे महाराष्ट्रात प्रामुख्याने क्रिकेटभोवती निर्माण झाले. धावफलकातून सामन्याचा निकाल समजतो. परंतु मैदानावर कोणाला स्थान मिळाले, कोणाला नाकारले गेले आणि प्रेक्षकांनी तो खेळ आपल्या भाषेत कसा सामावून घेतला, हे या लेखनातूनच कळते. सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून या साहित्याचे महत्त्व त्यामुळे मोठे आहे.

पूर्वपीठिका

भारतीयांमध्ये क्रिकेट प्रथम मुंबईच्या पारशी समाजात रुजले. इ.स. १८४८ मध्ये पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला आणि १८८६ व १८८८ साली पारशी संघांनी इंग्लंडचे दौरे केले. खेळावरील आरंभीचे भारतीय लेखनही याच समाजातून आले. शापुरजी सोराबजी यांचा पारशी क्रिकेटचा वृत्तान्त १८९७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. मुंबईच्या मैदानावर युरोपियनांच्या पोलो खेळामुळे गवत उखडले जाई व देशी मुलांना क्रिकेट खेळणे अशक्य होई. याविरुद्ध पारशी खेळाडूंनी केलेल्या अर्ज-विनंत्यांची हकीकत त्या ग्रंथात आहे. जे. एम. फ्रामजी पटेल यांचे ‘स्ट्रे थॉट्स ऑन इंडियन क्रिकेट’ हे पुस्तक १९०५ मध्ये निघाले. भारतातील क्रिकेटविषयक लेखनाचा प्रारंभ अशा प्रकारे खेळाच्या तंत्राइतकाच मैदानावरील हक्काच्या प्रश्नापासून झाला. मराठीतील पहिल्या महत्त्वाच्या क्रीडा-आत्मचरित्रांपैकी एकाच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे.

आत्मचरित्रे

पालवणकर विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा जीवन’ हे मराठी आत्मचरित्र १९४८ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. विठ्ठल हे बाळू, शिवराम, विठ्ठल व गणपत या चार क्रिकेटपटू बंधूंपैकी एक होत. हे कुटुंब चर्मकार समाजातील असून त्यांचे आडनाव कोकणातील मूळ गावावरून आलेले आहे.

थोरले बंधू बाळू हे डावखुरे मंदगती गोलंदाज होते. पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याची नोकरी करीत असताना तेथील सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करून त्यांनी आपली कला घडविली. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूला स्पर्श करीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. पटियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली १९११ मध्ये इंग्लंडला गेलेल्या संघात बाळूंचा समावेश होता. त्या दौऱ्यातील सर्व सामने मिळून त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली कर्णधारपदाच्या वादातून शिवराम व विठ्ठल यांनी संघात खेळण्यास नकार दिला. अखेर १९२३ मध्ये चौरंगी सामन्यांसाठी विठ्ठल यांची हिंदू संघाचे कर्णधार म्हणून निवड झाली. बाळूंनी पुढे १९३२ च्या पुणे करारावर स्वाक्षरी केली, तर १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहून पराभूत झाले.

इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (२००२) या इंग्रजी ग्रंथात पालवणकर बंधूंचा वृत्तान्त विस्ताराने मांडला. विठ्ठल यांचे आत्मचरित्र हे त्या मांडणीचे एक साधन होय. इंग्रजी वाचकांना ही हकीकत एकविसाव्या शतकात ठळकपणे परिचित झाली, त्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ ती मराठी पुस्तकात नोंदलेली होती.

महाराष्ट्रातील अनेक नामवंत खेळाडूंनी आत्मकथनासाठी इंग्रजी भाषेची निवड केली. पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक व महाराष्ट्राचे कर्णधार दि. ब. देवधर यांचे ‘आय लुक बॅक’ (१९६६), अजित वाडेकर यांचे ‘माय क्रिकेटिंग इयर्स’ (१९७३), सुनील गावसकर यांचे ‘सनी डेज’ (१९७६) आणि सचिन तेंडुलकर यांचे ‘प्लेइंग इट माय वे’ (२०१४) ही त्याची उदाहरणे होत. इंग्रजीमुळे या पुस्तकांना देशभर व परदेशी वाचक लाभला.

परिभाषा आणि समालोचन

क्रिकेटविषयक मराठी लेखनाची सर्वांत व्यापक निर्मिती म्हणजे त्याची परिभाषा. तिच्यातील बरेच शब्द महाराष्ट्रातील जुन्या खेळांतून व नित्य व्यवहारातून आले आहेत. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावणे म्हणजे चीत करणे. त्यावरून पायचीत, धावचीत, यष्टिचीत आणि त्रिफळाचीत हे शब्द रूढ झाले. ‘तीन गडी बाद’ या प्रयोगातील ‘गडी’ हुतूतू व आट्यापाट्यांच्या मैदानावर पूर्वीपासून वावरत होता. ‘डाव’ हा शब्दही देशी खेळांतलाच. ‘पंच’ या शब्दामागे गावच्या न्यायनिवाड्याची परंपरा आहे.

‘षटक’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. सहांचा समूह या अर्थाच्या संस्कृत ‘षट्क’ शब्दावरून तो आला. मूळ इंग्रजी शब्दात चेंडूंची संख्या सूचित होत नाही; मराठी शब्दात ती अंतर्भूत आहे. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत एका षटकात आठ चेंडू टाकले जात. त्या काळातील सामन्यांचे मराठी वर्णन करताना ‘आठ चेंडूंचे षटक’ असा शब्दशः विसंगत प्रयोग करावा लागतो. ‘षटकार’ व ‘चौकार’ यांना अशी अडचण येत नाही आणि क्रिकेटच्या बाहेरही, नाटकापासून राजकारणापर्यंत, ते लाक्षणिक अर्थाने वापरले जातात.

ही परिभाषा घरोघरी पोहोचविण्यात आकाशवाणीवरील मराठी समालोचनाचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्राकडून रणजी करंडक स्पर्धेत खेळलेले बाळ ज. पंडित (१९२९–२०१५) हे मराठी क्रिकेट समालोचनाचे प्रवर्तक मानले जातात. समालोचकाला चेंडू टाकला जाताच बोलावे लागते, शब्द शोधण्यास अवधी नसतो. त्यामुळे लांबलचक किंवा उच्चारास अवघड पर्याय आपोआप गळून पडले व सुटसुटीत शब्द टिकले. पंडित यांनी समालोचनाबरोबर क्रिकेटवर पुस्तकेही लिहिली.

वृत्तपत्रे आणि नियतकालिके

वि. वि. करमरकर हे ‘महाराष्ट्र टाइम्स’ या दैनिकाचे क्रीडा संपादक होते. मराठी वृत्तपत्रांत खेळाला स्वतंत्र व नियमित जागा मिळवून देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. निकाल व धावसंख्या यांपुढे जाऊन संघनिवड, क्रीडासंघटनांचे कारभार आणि कबड्डी, खो-खो यांसारखे देशी खेळ यांची दखल त्यांच्या लेखनाने घेतली. त्यांचे २०२३ मध्ये निधन झाले.

१९८३ च्या विश्वचषक विजेत्या संघातील फलंदाज संदीप पाटील यांनी ‘एकच षटकार’ या मराठी क्रीडा नियतकालिकाचे संपादन केले. विश्वचषकातील यशानंतर आणि दूरचित्रवाणीच्या प्रसारामुळे क्रिकेटचा वाचकवर्ग शहरांबाहेर वाढला होता. अशा नियतकालिकांतील छायाचित्रे व लेख ही त्या पिढीच्या विद्यार्थ्यांची क्रिकेटशी झालेली पहिली लिखित ओळख ठरली.

मुंबई महानगरपालिकेत अभियंता असलेले द्वारकानाथ संझगिरी यांनी परदेश दौऱ्यांतील सामन्यांचे वृत्तान्त प्रवासवर्णनाच्या अंगाने लिहिले. ‘शतकात एकच सचिन’ व ‘चिरंजीव सचिन’ ही त्यांची पुस्तके तेंडुलकर यांच्यावर आहेत. संझगिरी यांचे २०२५ मध्ये निधन झाले. पत्रकार शिरीष कणेकर यांनी ‘क्रिकेटवेध’ व इतर लेखनातून चाहत्याचा आवाज साहित्यात आणला. जुन्या खेळाडूंविषयीचे प्रेम, नव्यांविषयीची कुरकुर आणि चित्रपटसृष्टीचे दाखले यांचे मिश्रण ही त्यांच्या शैलीची खूण होय. त्यांचे २०२३ मध्ये निधन झाले.

कथासाहित्य

लेख व आठवणी यांच्या मानाने क्रिकेटवर आधारित मराठी कथा-कादंबरी कमी आहे. जयंत नारळीकर यांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही विज्ञानकथा या संदर्भात उल्लेखनीय ठरते. तीत उजव्या हाताचा गोलंदाज अकस्मात डाव्या हाताने गोलंदाजी करून इंग्लंडच्या फलंदाजांना चकित करतो. डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीची वैज्ञानिक कल्पना वाचकाच्या गळी उतरविण्यासाठी लेखकाने क्रिकेट निवडले. डावखुऱ्या व उजव्या गोलंदाजांतील फरक मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही, हे या निवडीमागील गृहीत आहे.

बेसबॉल साहित्याशी तुलना

खेळाभोवतीच्या साहित्याचे सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणून अमेरिकेतील बेसबॉल वाङ्मयाचा निर्देश केला जातो. अर्नेस्ट थेयर यांची ‘केसी ॲट द बॅट’ ही विनोदी कविता १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकात प्रसिद्ध झाली. पुढे रिंग लार्डनर यांचे ‘यू नो मी ॲल’ (१९१६), बर्नार्ड मॅलमड यांची ‘द नॅचरल’ (१९५२) ही कादंबरी आणि रॉजर कान यांचे ‘द बॉइज ऑफ समर’ (१९७२) अशी परंपरा वाढत गेली. तेथील कथासाहित्य मराठीतील क्रिकेट-कथांच्या तुलनेत पुष्कळ विपुल आहे.

मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने त्यातील दोन ग्रंथ विशेष उपयुक्त आहेत. लॉरेन्स रिटर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वयोवृद्ध खेळाडूंना भेटून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या व ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’ (१९६६) हा ग्रंथ सिद्ध केला. रॉबर्ट पीटरसन यांनी ‘ओन्ली द बॉल वॉज व्हाइट’ (१९७०) या पुस्तकात वर्णभेदामुळे प्रमुख स्पर्धांबाहेर ठेवलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंचा इतिहास संकलित केला. जॅकी रॉबिन्सन यांनी १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स संघातून खेळून तो निर्बंध मोडला. त्यांच्या आधीच्या पिढ्यांची कामगिरी मात्र विस्मरणात जात होती. १९७१ मध्ये सॅचेल पेज यांना बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळाले. २०२४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या स्पर्धांतील आकडे अधिकृत नोंदींत समाविष्ट झाले आणि कारकिर्दीतील सर्वोच्च सरासरीचा मान जॉश गिब्सन यांच्याकडे आला.

पालवणकर बंधूंचा इतिहास आणि या खेळाडूंचा इतिहास यांत साम्य आहे, तसा भेदही आहे. बाळूंना संघात प्रवेश होता, पण सहभोजनात व नेतृत्वात नव्हता. कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रमुख स्पर्धांचे दारच बंद होते. दोन्ही ठिकाणी अधिकृत नोंदींनी जे वगळले ते पुस्तकांनी राखून ठेवले.

जतन

क्रीडाविषयक पुस्तके व नियतकालिके बहुधा स्वस्त कागदावर छापली जातात, त्यांच्या पुनरावृत्त्या क्वचित निघतात आणि हंगाम सरला की ती रद्दीत जातात. जुने अंक मिळण्याची जागा म्हणजे सार्वजनिक वाचनालये. तीही सुरक्षित नसतात. रत्नागिरी जिल्ह्यातील अलोरे, पोफळी ही गावे ज्या तालुक्यात येतात, त्या चिपळूण येथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर या १८६४ साली स्थापन झालेल्या ग्रंथालयात जुलै २०२१ च्या महापुराचे पाणी शिरून हजारो पुस्तकांची हानी झाली.

समालोचनाचे शब्द तर ध्वनिमुद्रण नसल्यास बोलताक्षणी विरतात. कोकणातील भातकापणीनंतरच्या मोकळ्या शेतांत व गावोगावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांत खेळलेल्यांचे अनुभवही अद्याप फारसे ग्रंथबद्ध झालेले नाहीत. रिटर यांनी वापरलेली वृद्ध खेळाडूंच्या मुलाखतींची पद्धत येथे लागू पडू शकते. ‘माझे क्रीडा जीवन’ १९४८ मध्ये छापले गेले नसते, तर चौरंगी सामन्यांचा इतिहास धावसंख्यांसह उपलब्ध झाला असता. परंतु त्या धावा करणाऱ्या खेळाडूचे स्वतःचे म्हणणे त्यात नसते.