टनाला ३६६ रुपये, तेही दोघांत मिळून

दसरा उलटला की केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातली गावं रिती होऊ लागतात. घराघरातून भांडीकुंडी, लेकरं आणि कोपीचं, म्हणजे तात्पुरत्या झोपडीचं सामान ट्रक-ट्रॅक्टरवर चढतं आणि ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. राज्यातले ऊसतोड कामगार आठ ते दहा लाख असावेत, असा अंदाज आहे, आणि त्यात सर्वात मोठा वाटा बीड जिल्ह्याचा. माणसांच्या बाबतीत अंदाजावर भागवावं लागतं. उसाचं तसं नाही, तो काट्यावर किलोपर्यंत मोजला जातो.

२०२१-२२ च्या विक्रमी हंगामात महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी सुमारे १,३२० लाख टन ऊस गाळला. दहा टनांचा एक ट्रक धरला तर १ कोटी ३२ लाख खेपा होतात. दहा मीटर लांबीचे एवढे ट्रक एकामागे एक उभे केले तर रांग पृथ्वीला तीन वेढे घालून वर उरेल. यातला काही ऊस यंत्रांनी तोडला. बाकीचा कोयत्यानं.

आता एका जोडप्यापुरतं बघू. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. तो बुडख्याशी ऊस तोडतो; ती पाचट काढते, वाढ्यानं मोळी बांधते आणि ट्रक आला की डोक्यावर घेऊन फळीवरून चढवते. ट्रक रात्री दोनला आला तर रात्री दोनला. मोळी चाळीस किलोची धरा. जोडप्यानं दिवसाला दोन टन ऊस तोडला तर पन्नास मोळ्या झाल्या. दीडशे दिवसांच्या हंगामात साडेसात हजार मोळ्या, म्हणजे तीन लाख किलो. एवढ्या उसातून साधारण तीस टन साखर निघते. माणशी वर्षाला वीस किलो धरली, तर दीड हजार माणसांची वर्षाची साखर एका जोडप्याच्या हातून जाते. त्यातली बाई अनेकदा दिवस राहिलेली असते.

या कामाचा दर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्क्यांनी वाढला. साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटनांच्या बैठकीत शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादानं तो ठरवला. २७३ वरून टनाला ३६६ रुपये झाले. वाढ मोठी आहे, हे मान्य. पण किलोमागे हिशेब करा: छत्तीस-सदतीस पैसे. त्यात तोडणं, सोलणं, बांधणं, वाहणं, भरणं सगळं आलं. एक किलो साखरेला साधारण दहा किलो ऊस लागतो; त्यातली तोडणीची मजुरी तीन रुपये सहासष्ट पैसे. दिवसाचे ७३२ रुपये दोघांत वाटले तर माणशी ३६६. तेही वाटले तर, कारण उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या नावावर असते.

एक लाखाची उचल फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन धरले तर १३७ दिवस, मध्ये एकही सुट्टी न घेता. आणि सुट्टी घेतली तर खाडा. जोडप्यातलं एक जण आजारी पडलं तरी दिवसाला पाचशे रुपये कापले जातात, वर त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. पगारी रजेचा कायदा असलेल्या देशात इथे रजेबद्दल कामगारच पैसे मोजतो.

प्रसूती रजेचा कायदा २०१७ पासून २६ आठवडे देतो, म्हणजे १८२ दिवस. उसाचा हंगामही बहुधा एवढा चालत नाही. ऊसतोड करणाऱ्या बाईनं ती रजा घेतली तर पाचशेच्या खाड्यानं १८२ दिवसांचा दंड ९१,००० रुपये होईल.

पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. फडात संडास नाही, पाणी नाही, त्यातून जंतुसंसर्ग, त्यातून दवाखाना, आणि दवाखान्यातून थेट गर्भाशय काढण्याचा सल्ला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे सहा जणींत एक. १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये देशाचं प्रमाण सुमारे ३ टक्के आहे.

हे कामगार कुणाचे? कारखाना टोळी पुरवणाऱ्या मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम म्हणतो मी फक्त उचल देतो. त्याला मजुरीवर २० टक्के कमिशन मिळतं. हजेरीपटावर मात्र बाईचं नाव नाही. नाव नाही म्हणून रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, अपघात झाला तर जबाबदार कुणी नाही. माझ्या मते सगळ्या अन्यायाचं मूळ ‘हे कामगार कुणाचे’ याच एका प्रश्नात आहे.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि सरकारनं तेवढीच भर घालायची, असं ठरलं. २०२१-२२ एवढा ऊस धरला तर वर्षाला २६४ कोटी होतात. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण दहा लाख माणसांत वाटला तर माणशी २,६४० रुपये. कल्याण म्हणून ठीक आहे. हक्काच्या रजेची आणि मजुरीची जागा तो घेऊ शकत नाही.

माथाडी आणि हमालांसाठी महाराष्ट्रानं १९६९ मध्ये कायदा केला. मालक बदलत राहिले तरी नोंद, मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मंडळामार्फत चालेल, अशी सोय केली. तशीच सोय ऊसतोड कामगारांसाठी करा. नवरा आणि बायको, दोघांची स्वतंत्र नावं नोंदवा, मजुरी ज्याच्या-तिच्या खात्यात जमा करा आणि खाडा कायद्यानं बंद करा.