कच्च्या तेलातले पाणी सुटत का नाही?

आखातातल्या तेलक्षेत्रांवर नोकरी केलेली माणसे कोकणात गावोगाव आहेत. विहिरीतून नुसते तेल येत नाही, हे ती सांगतील. तेलाबरोबर खारे पाणी येतेच, आणि विहीर जुनी होईल तसे ते वाढत जाते. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत असे आपण समजतो. त्या न्यायाने टाकीत पाणी आपोआप तळाशी बसायला हवे. पण पंपात आणि व्हॉल्व्हमध्ये दोन्ही घुसळली गेली की पुष्कळदा तपकिरी, दाट लगदा तयार होतो आणि तो दिवसेंदिवस फुटत नाही. याला इमल्शन म्हणतात.

यात पैसा अडकतो. निर्यातीच्या तेलात पाणी व गाळ मिळून साधारण अर्ध्या टक्क्याहून जास्त चालत नाही. 10 लाख बॅरलच्या जहाजात अर्धा टक्का म्हणजेसुद्धा 5 हजार बॅरल! त्याची किंमत हिशेबातून वजा होते, पण जहाजातली जागा अडायची ती अडतेच. त्याहून वाईट पाण्यातले मीठ. रिफायनरीत तेल तापवले की मॅग्नेशियम व कॅल्शियमच्या क्षारांपासून हायड्रोक्लोरिक आम्ल बनते आणि ते पाइप खाते.

पाणी धरून ठेवणारा मुख्य घटक म्हणजे अस्फाल्टीन. हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी 1837 मध्ये दिले. हा एकच एक पदार्थ नव्हे. तेलाचा जो भाग हेप्टेनमध्ये विरघळत नाही पण टोल्युइनमध्ये विरघळतो, तो अस्फाल्टीन, एवढीच त्याची व्याख्या. डांबराचा काळेपणा मुख्यतः त्याचाच. याचे रेणू मधोमध चपटे असतात आणि कडेला कार्बनच्या शेपट्या असतात. चपटे भाग भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकमेकांवर बसतात. 2010 मध्ये मांडलेल्या येन-मलिन्स आराखड्याप्रमाणे सुमारे सहा रेणूंची एक चवड होते, आणि अशा सुमारे आठ चवडी मिळून 5 नॅनोमीटरचा पुंजका होतो. शेपट्या आड येतात, म्हणून चवड आणखी उंच होत नाही.

हे पुंजके पाण्याच्या थेंबाभोवती जमतात. त्यांचा काही भाग पाण्याकडे ओढ घेणारा, बाकीचा तेलात रमणारा, म्हणून दोहोंच्या सीमेवरच त्यांना बरे वाटते. तिथे ते एकमेकांत गुंततात आणि तापवलेल्या दुधावर साय धरावी तशी थेंबावर कातडी धरते. प्रयोगशाळेत असा थेंब सुईने हळूहळू शोषून घेतला तर कातडीला सुरकुत्या पडलेल्या दिसतात. दोन थेंब भेटले तरी कातडी फाटत नाही, मग ते एक होणार कसे? वेळ जाईल तशी ती अधिक चिवट होते. म्हणून इमल्शन ताजे असतानाच फोडावे, असे या धंद्यातले लोक सांगतात.

आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा मुद्दा. अस्फाल्टीन जास्त म्हणजे त्रास जास्त, असे सरळ गणित नाही. ते तेलात नीट विरघळलेले असेल तर कातडी कच्ची राहते. पूर्ण साका होऊन खाली बसले तरीही ती कमजोर पडते. विरघळणे आणि साका होणे यांच्या सीमेवर असताना मात्र इमल्शन सर्वांत हट्टी होते. रेझिन नावाचे तेलातलेच घटक पुंजक्यांना विरघळते ठेवायला मदत करतात.

रिफायनरीत तेलात 3 ते 10 टक्के गोडे पाणी घालून मीठ धुतात. मग उष्णता, हजारो व्होल्टचे विद्युत क्षेत्र आणि इमल्शन फोडणारे रसायन यांनी पाणी वेगळे काढतात. हे रसायन अस्फाल्टीनला सीमेवरून हुसकावून तिथे स्वतः बसते. मात्रा अगदी थोडी लागते, पण सगळ्या तेलांना एकच औषध चालत नाही.

खरी अडचण मिश्रणात येते. स्वस्त जड तेल घ्यायचे आणि त्यात हलके पॅराफिनी तेल मिसळायचे, हा आज सर्रास मार्ग आहे. हलके तेल येथे हेप्टेनचे काम करते आणि दोन्ही तेले एकेकटी निर्धोक असूनही मिश्रणात साका पडू शकतो. प्रमाण योग्य असले तरी क्रम पाळावा लागतो. जड तेलात हलके तेल थोडे थोडे घालावे, उलट करू नये. बेसनात पाणी घालण्याऐवजी पाण्यात बेसन टाकले की गुठळ्या होतात, तसेच काहीसे. आणि एकदा पडलेला साका पुन्हा विरघळायला फार वेळ घेतो. नमुन्यात हेप्टेन थेंब थेंब घालून कण केव्हा दिसू लागतात ते पाहण्याची तपासणी सोपी आहे. खरेदीदाराने ती सौदा पक्का होण्याआधीच करून घ्यावी, टाकी भरल्यावर नव्हे.