फ्लॉपीवरचे सेक्टर ओळीने का वाचत नसत?

समजा पटांगणावर २६ मुलं रिंगण धरून गोल फिरतायत आणि मी एका जागी उभा राहून हजेरी घेतोय. १ नंबर समोर आला, मी वहीत नोंद करू लागलो, तेवढ्यात २ नंबर निघूनही गेला! आता तो परत येईपर्यंत अख्खी फेरी थांबायचं. असं प्रत्येक वेळी झालं तर २६ मुलांना २६ फेऱ्या लागतील.

जुन्या संगणकांची हीच अडचण होती. त्या काळची ८ इंची फ्लॉपी मिनिटाला ३६० फेरे घेई, म्हणजे एका फेऱ्याला १/६ सेकंद. तिच्या प्रत्येक गोल ट्रॅकवर २६ सेक्टर असत आणि एका सेक्टरमध्ये १२८ बाइट. एक सेक्टर हेडखालून जायला जेमतेम ६.४ मिलिसेकंद लागत. वाचलेली माहिती आवरून प्रोसेसर पुढचा सेक्टर मागेपर्यंत तो निसटलेला असे.

यावर उपाय काय? सलग माहिती शेजारशेजारी ठेवायचीच नाही! यालाच इंटरलीव्हिंग म्हणतात. गॅरी किल्डाल यांनी १९७४ साली तयार केलेल्या सीपी/एम या प्रणालीत ८ इंची फ्लॉपीसाठी ६ घरांचं अंतर धरलेलं होतं. क्रम असा: १, ७, १३, १९, २५. पुढे ३१ येतात, त्यातून २६ वजा केले की ५. मग ११, १७, २३, ३, ९, १५, २१. आता पुन्हा १ येतो, पण ते घर भरलेलं आहे. म्हणून एक घर पुढे सरकून २ पासून तसंच चालू.

फायदा किती? प्रत्येक सेक्टर निसटला असता तर एका ट्रॅकला २६ फेरे, म्हणजे सव्वाचार सेकंदांहून जास्त लागले असते. ६ च्या अंतराने साधारण ६ फेरे, म्हणजे एक सेकंद! यंत्र तेच, फ्लॉपी तीच, बदलला फक्त क्रम.

पण अंतर बेताचंच हवं. कमी पडलं तर सेक्टर पुन्हा निसटणार, जास्त झालं तर हेड उगाच वाट बघत बसणार. पुढे संगणक वेगवान झाले, अख्खा ट्रॅक एका दमात मेमरीत घेता येऊ लागला आणि या युक्तीची गरज संपली.

आता वहीत करून बघा: १० सेक्टर, अंतर ३. उत्तर १, ४, ७, १०, ३, ६, ९, २, ५, ८ असं आलं, तर तुम्हाला इंटरलीव्हिंग समजलं!