भुताचं घर बदला, कारण बदलू नका

‘लपाछपी’त भीती वाड्यात राहत नाही, उसात राहते. विशाल फुरिया यांच्या २०१७ सालच्या या मराठी चित्रपटात गरोदर नेहा (पूजा सावंत) नवऱ्याच्या कर्जापायी शहर सोडते आणि चहूबाजूंनी उसाने वेढलेल्या एका घरात येऊन पडते. डोक्यावरून गेलेला ऊस, त्यातल्या एकसारख्या दिसणाऱ्या वाटा आणि त्या वाटांवरून येणारे पोरांचे आवाज. चार वर्षांनी फुरिया यांनीच तो नुसरत भरूचा यांना घेऊन ‘छोरी’ नावाने हिंदीत केला. ‘लपाछपी’ वयाने जुना नाही, पण गाजलेले भयपट नव्याने करावेत का, या वादात मराठी प्रेक्षकाच्या हाताशी असलेलं हे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. त्यातून एवढं दिसतं, की भुताचं घर, बोली, नाव, कपडे सगळं बदललं तरी भयपट टिकतो. भुताचं कारण सुटलं की काहीच उरत नाही.

‘लपाछपी’चं कारण स्त्रीभ्रूणहत्या आणि मुलगी नको म्हणणारं घर हे आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेतल्या ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर घसरली. बीड जिल्ह्यात ती ८०७ होती. उषा नाईक यांची तुळसाबाई प्रेमाने ताट वाढते तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो, कारण अशी बाई पडद्याबाहेरही असते हे त्याला ठाऊक असतं. हिंदीत मीता वसिष्ठ यांच्या भन्नोदेवीची बोली वेगळी, ताटातलं अन्न वेगळं. पण २०११ मध्ये हरियाणाचा आकडा ८३४ होता. भुताला तिकडेही घर तयारच होतं. म्हणूनच ‘छोरी’ उपरा वाटला नाही.

हाच निकष जरा ताणून पाहू. समजा, उद्या कुणी ‘लपाछपी’ विदर्भात आणला. नागपूरहून येणारा हायवे जिथे हिंगणघाट आणि वरोऱ्याकडे फुटतो, त्या वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या आसपास राज्य पऱ्हाटी, सोयाबीन आणि तुरीचं. सोयाबीनमध्ये माणूस लपत नाही. पऱ्हाटीत फार तर छातीपर्यंत झाकला जातो आणि वेचणीला बाया उतरल्या की शेत दिवसभर गजबजलेलं असतं. शेंगांवर आलेली तूर डोक्याएवढी होते खरी, पण तिच्या तासांमध्ये उसासारखी वाट चुकत नाही. इथे लपाछपीचा खेळ जमणार नाही. इथली भीती उघड्या रानाची: लांब धुऱ्यावर कुणीतरी उभं आहे, सकाळपासून तिथेच आहे आणि आपण त्याला पुरते दिसतो आहोत. शिवाय मूळ चित्रपटात कर्ज हे नेहाला त्या घरापर्यंत पोचवण्याचं निमित्त आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये ज्या सहा जिल्ह्यांना पंतप्रधान पॅकेज मिळालं, त्यातला एक वर्धा. इथे कर्ज निमित्त राहूच शकत नाही, तेच भूत होऊन बसेल. दिग्दर्शकाने हे ओळखलं तर नवा चित्रपट होईल. नाही ओळखलं, तर पऱ्हाटीत उसाची नक्कल होईल.

भुताचं कारण ज्यांना कळलं त्यांचे रिमेक आजही बघवतात. फाझिल यांच्या ‘मणिचित्रताळू’ (१९९३) या मल्याळी चित्रपटात नायिकेच्या तोंडून नागवल्ली बोलते ती तमिळमध्ये. प्रियदर्शन यांनी २००७ मध्ये ‘भूल भुलैया’ केला तेव्हा त्यांची मंजुलिका बंगाली बोलू लागली. घरातल्या बाईच्या तोंडून परक्या मुलखाची भाषा येणं, ही त्या भीतीची गाठ त्यांनी सोडली नाही. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकन चित्रपटाच्या कल्पनेवर उभा आहे. पण रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू आपला वाटतो, कारण बोलक्या बाहुल्यांचा खेळ मराठी घरांनी आधीच पाहिलेला होता. उलट गस व्हॅन सँट यांनी १९९८ मध्ये हिचकॉकचा ‘सायको’ जवळजवळ शॉटला शॉट लावून रंगीत केला. चौकटी जशाच्या तशा आल्या, धास्ती आली नाही. १९६० च्या प्रेक्षकाला नायिका अर्ध्यातच मरेल अशी कल्पना नव्हती. १९९८ च्या प्रेक्षकाला ते घरून निघतानाच माहीत होतं.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला: मूळ चित्रपट कुठे पळून जातो? रिमेक वाईट निघाला तर बघू नका. इंग्रजीत हे खरं आहे, तिथे मूळ ‘सायको’ केव्हाही मिळतो. मराठीत जुन्या चित्रपटाची धड प्रत मिळण्याची मारामार असते. मोठ्या भाषेतला रिमेक आला की नवख्या प्रेक्षकासाठी तोच मूळ ठरतो. दुसरा: मूळ दिग्दर्शकच रिमेक करत असेल तर चिंता कसली? जॉर्ज स्लुइझर यांनी १९८८ चा आपलाच डच चित्रपट १९९३ मध्ये हॉलिवुडसाठी ‘द व्हॅनिशिंग’ म्हणून केला आणि अंगावर येणारा मूळ शेवट बदलून सुटकेचा केला. गोष्ट तीच, हात तेच, दहशत गेली. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: भुताची गोष्ट दर वेळी नव्यानेच सांगितली जाते, मग सिनेमालाच सोवळं का? हे मान्यच आहे. पण चांगला सांगणारा विहीर बदलतो, पिंपळ बदलतो. बाईने जीव का दिला ते बदलत नाही.

आता खरी परीक्षा ‘हा खेळ सावल्यांचा’ची. आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर यांचा १९७६ चा हा चित्रपट नायिकेच्या मनात घर केलेल्या भीतीभोवती फिरतो. तो नव्याने व्हावा असं चाहत्याला वाटणं स्वाभाविक आहे आणि धास्तीही रास्त आहे. ‘भूल भुलैया’ पाहिलेल्या पिढीसाठी ‘भूत की मनाचा आजार?’ हे कोडं फुटलेलं आहे. केवळ त्या कोड्यावर रिमेक उभा केला तर पहिल्या अर्ध्या तासात तो ओळखला जाईल, मग तो झाकायला कानठळ्या बसवणारे आवाज आणि संगणकावरच्या सावल्या येतील. पण बाई घाबरली आहे म्हटल्यावर घर आधी तिच्यावर अविश्वास का दाखवतं, हा प्रश्न अजून ताजा आहे. नव्या चित्रपटाने तिथून सुरुवात करावी.

तोवर एक मागणी रिमेकइतकीच नेटाने लावून धरावी. २०१८ चा ‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. म्हणजे मूळ भयपट चांगल्या प्रतीत, मोठ्या पडद्यावर मिळाला तर लोक तिकीट काढतात. ज्या निर्मात्याला जुन्या मराठी भयपटाचे हक्क हवे असतील, त्याने करारातच मूळ प्रत दुरुस्त करून आधी प्रदर्शित करायचं कलम घालावं. नव्याला भीती दाखवायची असेल, तर त्याने जुन्यासमोर उभं राहूनच दाखवावी.